सावर एलचं वर्षभराचं चक्र: एकही कार्बॉय रिकामा न ठेवता वेळापत्रक कसं बसवायचं?

कार्बॉयकर

नमस्कार मंडळी,

घरी सावर एल (जीवाणू आणि यीस्टने आंबवलेली आंबट बिअर) बनवण्यावर इथे बरेच धागे आहेत, पण बहुतेक सगळे एकेका बॅचबद्दल आहेत. मला चर्चा हवी आहे ती चक्राबद्दल. दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत ठरलेली कामं उरकली, तर तिसऱ्या वर्षापासून घरात एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली बिअर कायम हजर असायला हवी, आणि त्यातून दरवर्षी एक ग्यूझच्या (बेल्जियमच्या लांबिक या आंबट बिअरची वेगवेगळ्या वयांची मिसळ) धर्तीचं ब्लेंड निघायला हवं.

सामान: 19 लिटरचे चार काचेचे कार्बॉय (अरुंद गळ्याचे मोठे बुधले), 50 लिटरचं भांडं, पहिल्या फर्मेंटेशनसाठी 40 लिटरची बादली.

वर्ट (आंबवण्याआधीचा धान्याचा गोड काढा) लांबिकच्या वळणाचं. 60 टक्के पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली), 40 टक्के माल्ट न केलेला गहू, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, म्हणजे साखर किती आहे ते) 1.050. तीन कार्बॉय या चक्रासाठी, चौथा फळांसाठी. मधल्या काळात पटकन होणाऱ्या एक-दोन केटल सावर (वर्ट भांड्यातच आधी आंबट करून केलेली बिअर).

माझं मत असं की वेळापत्रक ब्रूइंगच्या दिवसावर नाही, बॉटलिंगच्या दिवसावर टांगायचं. ज्या दिवशी जुनी बिअर बाटल्यांत जाते, त्याच दिवशी त्या कार्बॉयमध्ये नवी बिअर गेली पाहिजे. म्हणजे ब्रूइंग बॉटलिंगच्या तीन आठवडे आधी. ही तारीख चुकली की कार्बॉय रिकामा पडतो, आणि तीन वर्षांच्या साखळीतली एक कडी कायमची गळते.

प्रश्न दोन. वर्षं वेगवेगळ्या कार्बॉयमध्ये ठेवावीत की सगळं एकत्र करून सोलेरा चालवावा? आणि ब्लेंडचं प्रायमिंग (बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून घालायची साखर) कसं मोजता?

आंबटगोड

वाचनखूण साठवली. या विषयावर सविस्तर धागा हवाच होता.

जुनं_पिंप

सोलेरा. डोळे झाकून सोलेरा.

50 लिटरचा स्टीलचा केग घ्या. स्टीलमधून हवा आत येत नाही, भांडं एकच, त्यामुळे लक्ष ठेवायच्या जागाही कमी. दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे 16-17 लिटर काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. बॅच कधी संपतच नाही, कल्चर (यीस्ट-जीवाणूंचं विरजण) आत टिकून राहतं, दरवर्षी नव्याने विकत घ्यायला लागत नाही.

एकच पथ्य. नवं भरताना कच्चं वर्ट ओतू नका. आतला पीएच 3.3 च्या आसपास असतो, जिवंत सॅकरोमायसीस (बिअरचं नेहमीचं यीस्ट) नावालाही नसतं, आणि ब्रेटला (ब्रेटानोमायसीस या रानटी यीस्टला) साखर मिळाली की फेस थेट वरच्या नळीतून बाहेर येतो. बादलीत साध्या एल यीस्टवर तीन आठवडे काढलेली, 1.016 ते 1.020 वर थांबलेली बिअर घाला. उरलेली डेक्स्ट्रिन्स (साध्या यीस्टला न पचणाऱ्या साखरा) हेच ब्रेट आणि पेडिओचं (पेडिओकोकस, आम्ल बनवणारा जीवाणू) वर्षभराचं खाणं. त्यासाठी मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं धान्य) 69-70 अंशांवर ठेवावा लागतो.

रसायनी

जुनं_पिंप यांच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो, कारण सोलेरातली बिअर किती जुनी असते याबद्दल बरेच गैरसमज असतात.

दरवर्षी एक तृतीयांश काढलं तर काढतेवेळचं सरासरी वय असं वाढतं: पहिल्या वर्षी 1, दुसऱ्या वर्षी 1.67, तिसऱ्या 2.11, चौथ्या 2.41, पाचव्या 2.6 वर्षं. पुढे ते 3 च्या जवळ जाऊन स्थिरावतं, 3 ओलांडत नाही. नियम सोपा आहे: जितका हिस्सा काढता त्याचा व्यस्तांक म्हणजे अंतिम सरासरी वय. अर्धं काढलं तर 2 वर्षं, पाव काढलं तर 4. पहिल्या बॅचचा अंश मात्र लवकर ओसरतो. एक तृतीयांश काढून पाच वेळा भरलं की मूळ बिअर जेमतेम 13 टक्के उरते.

म्हणजे सोलेरातून "तीन वर्षांची" सरासरी मिळते, पण एक, दोन, तीन वर्षांचे वेगळे स्वाद हातात येत नाहीत. ब्लेंडिंग म्हणजे पर्याय हाताशी असणं. सोलेरात पर्याय एकच, आहे ते घ्या. आणि केगमध्ये अ‍ॅसिटिक बिघाड झाला तर सगळीच वर्षं एकदम जातात.

जुनं_पिंप

@रसायनी, आकडे मान्य. बिघाडाचा मुद्दा अर्धाच मान्य. अ‍ॅसिटोबॅक्टरला हवा लागते. स्टीलचा भरलेला केग आणि काचेचा रबरी बूच लावलेला कार्बॉय यांत जास्त हवा कुठे शिरते ते सांगा.

फेसाळ

हवेचा विषय निघालाच आहे तर बुचांबद्दल लिहितो, कारण काच सुरक्षित आणि प्लास्टिक धोक्याचं एवढंच सगळे सांगतात.

काचेतून काहीच आत येत नाही, खरं. पण सिलिकॉनचा बूच ऑक्सिजनला चांगलाच पाझरतो. दोन-तीन वर्षांसाठी घट्ट रबरी बूच बरा. एचडीपीई प्लास्टिकची बादली तीन आठवड्यांसाठी ठीक, तीन महिन्यांसाठी नाही.

एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप) कोणता हेही महत्त्वाचं. तीन भागांचा एअरलॉक खोली गार झाली की आतलं पाणी कार्बॉयमध्ये ओढून घेतो. एस आकाराच्या एअरलॉकमधून हवेचा बुडबुडा मागे जातो, पाणी जागेवर राहतं. मात्र तो बुडबुडा हवेचाच असतो, म्हणून खोलीचं तापमान स्थिर ठेवणं हा खरा उपाय. 18 ते 22 अंश, आणि दिवसरात्रीचा फरक जितका कमी तितकं चांगलं. पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळा, वाळायला वेळ लागतो. तरीही दर महिन्याच्या एक तारखेला सगळे एअरलॉक बघायचे, हे वेळापत्रकात लिहूनच ठेवा. कोरडा पडलेला एअरलॉक हे घरगुती सावर बिघडण्याचं एक मोठं कारण आहे.

आणि कार्बॉय गळ्यापर्यंत भरलेला हवा. बिअरचा उघडा पृष्ठभाग रुपयाएवढा दिसला पाहिजे, ताटाएवढा नाही.

कार्बॉयकर

@फेसाळ, नेमकं इथेच माझं गणित अडतंय. वर्षं वेगळी ठेवली तर ब्लेंडसाठी एक वर्षाच्या कार्बॉयमधून 4-5 लिटर काढावे लागतात. उरलेले 14 लिटर खांद्याच्या खाली येतात आणि अजून दोन वर्षं तसेच राहायचे आहेत. दोन वर्षांच्या कार्बॉयचंही तेच. वरून नवी बिअर घालून भरलं तर वयाची सरमिसळ होते, मग वेगळं ठेवण्याचा अर्थ काय?

तळगाळ

काचेच्या गोट्या. उकळून, निवल्यावर आत सोडायच्या, पातळी वर येते. पाच लिटरची जागा भरायला मात्र ढीगभर लागतील आणि कार्बॉयचा तळ फुटायची भीती. एक लिटरपर्यंतच ठीक.

गव्हाळ

मूळ अडचण अशी आहे की एकच भांडं तीनदा उघडलं जातंय. तेच टाळायचं. प्रत्येक भांडं आयुष्यात एकदाच भरायचं आणि एकदाच पूर्ण रिकामं करायचं.

दरवर्षी 19 नाही, 30 लिटर वर्ट करा. तुमचं भांडं 50 लिटरचं आहे, त्यात होतं. तीन आठवड्यांनी बादलीतून 19 लिटर कार्बॉयमध्ये आणि उरलेलं 5-5 लिटरच्या दोन काचेच्या डेमिजॉनमध्ये (लहान बुधल्यांत), तिन्ही गळ्यापर्यंत. पहिला डेमिजॉन पुढच्या वर्षीच्या ब्लेंडमध्ये एक वर्षाचा भाग म्हणून पूर्ण जातो. दुसरा त्याच्या पुढच्या वर्षी दोन वर्षांचा भाग म्हणून पूर्ण जातो. कार्बॉय तिसऱ्या वर्षी पूर्ण जातो. गाळ सोडून साधारण 18 + 4.5 + 4.5, म्हणजे 27 लिटर ब्लेंड.

चक्र बसलं की एका वेळी तीन कार्बॉय आणि फक्त तीन डेमिजॉन गुंततात. ब्लेंडच्या दिवशी एक कार्बॉय आणि दोन डेमिजॉन रिकामे होतात, आणि त्याच दिवशी नव्या 30 लिटरने तेच भरतात. कुठलंही भांडं अर्धं राहत नाही. चौथा कार्बॉय फळांना मोकळा.

कार्बॉयकर

@गव्हाळ, __/\__ हे सुचलंच नव्हतं. तीनच डेमिजॉन पुरतात हे कागदावर मांडून पाहिलं, बरोबर आहे.

फेसाळ

उत्तम मांडणी. एक भर: लहान भांड्यात लिटरमागे हवेशी संपर्क जास्त, म्हणून बूच आणि एअरलॉकची सगळ्यात जास्त काळजी डेमिजॉनचीच घ्या. दोन वर्षांच्या डेमिजॉनला थोडी अ‍ॅसिटिक धार येणं शक्य आहे. ब्लेंडमध्ये तो सहावा हिस्साच असल्याने हलकी धार उलट शोभते. पण नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला, म्हणजे एथिल अ‍ॅसिटेट झालं, तर तो डेमिजॉन मोरीत. ब्लेंडमध्ये लपवायचा प्रयत्न करू नका, 27 लिटरभर तोच वास राहतो.

मंदआच

पहिली दोन वर्षं तर हाती काहीच नाही ना? तिथे केटल सावरच चक्राला धरून ठेवते. पद्धत लिहून ठेवतो, नवीन लोकांना उपयोगी पडेल.

वर्ट 1.032 ते 1.040, हॉप्स अजिबात नाहीत. लॅक्टोला (लॅक्टोबॅसिलस, आंबट करणारा जीवाणू) हॉप्स चालत नाहीत, 5 आयबीयूच्या (कडवटपणाचं माप) पुढे बरेचसे स्ट्रेन अडखळतात. आधी 10 मिनिटं उकळा, 35 अंशांपर्यंत गार करा, मग 88 टक्क्यांचं लॅक्टिक अ‍ॅसिड थेंबाथेंबाने घालत पीएच 4.5 पर्यंत आणा. हे पाऊल गाळू नका. त्यामुळे नको असलेले जीवाणू सुरुवातीलाच दबतात आणि पुढे फेसही टिकतो. मग लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम. तापमान 30 ते 35, भांड्यावर झाकण घट्ट. 24 ते 48 तासांत पीएच 3.3 च्या आसपास येतो. उलटीसारखा वास म्हणजे ब्युटिरिक, कुबट पायमोज्यासारखा म्हणजे आयसोव्हॅलेरिक. दोन्हीपैकी काहीही आलं तर पुढे जाऊ नका.

हव्या त्या पीएचला पुन्हा 15 मिनिटं उकळून लॅक्टो मारायचा. आता थोडे हॉप्स घाला. यीस्ट नेहमीच्या दीड ते दुप्पट, कारण एवढ्या आंबट वर्टमध्ये ते मंदावतं. गोझ (किंचित खारट जर्मन आंबट बिअर) करायची असेल तर उकळीच्या शेवटी धणे आणि लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम मीठ.

ब्रूइंग ते बाटली सगळं मिळून महिना. वर्षात दोनदा सहज बसतं.

जुनं_पिंप

केटल सावरला चक्रात जागा द्यायला हरकत नाही, पण तिच्यात आंबटपणाखेरीज काही नसतं. लॅक्टिक अ‍ॅसिड आहे, मुरलेपण नाही. ज्याला ब्रेटचा वास आवडतो त्याची भूक यातून भागत नाही.

मंदआच

असहमत. स्वच्छ लॅक्टिक आंबटपणा हीच बर्लिनर वाइसची ओढ आहे. 3 टक्क्यांची, हलकी, भरपूर वायूची बिअर आणि तीन वर्षांचं ग्यूझ एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. आणि ब्रेटच हवा असेल तर बाटली भरताना ब्रेट घाला, चार-सहा महिन्यांत तोही बोलायला लागतो. फक्त बाटल्या जाड घ्या आणि प्रायमिंगची साखर कमी करा.

निवांतपणा

एक शंका. चौथ्या-पाचव्या महिन्यात लांबिकच्या कार्बॉयमधली बिअर ओतताना तार सुटते, अंड्यातल्या पांढऱ्यासारखी. फेकायची का?

रसायनी

@निवांतपणा, अजिबात फेकायची नाही. ते पेडिओकोकसचं काम. पेडिओ साखरेपासून लांब साखळ्यांची पॉलिसॅकराइड्स तयार करतो आणि बिअर तार धरते. जोडीला डायअ‍ॅसिटिल, म्हणजे लोण्याचा वास. ब्रेट असेल तर तो दोन्ही गोष्टी हळूहळू निस्तरतो, काही महिने द्या. म्हणूनच पेडिओ कधीही ब्रेटशिवाय वापरायचा नाही. या अवस्थेत बाटल्या मात्र भरू नका.

उत्स्फूर्त फर्मेंटेशनमध्ये साधारण क्रमच असा असतो: पहिल्या महिन्यात एंटेरोबॅक्टेरिया, मग सॅकरोमायसीसचं मुख्य फर्मेंटेशन, तीन-चार महिन्यांनी पेडिओ, आणि सातव्या-आठव्या महिन्यापासून ब्रेट पुढे येतो. वेळापत्रकात चव घ्यायच्या तारखा याला धरूनच ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत बूच उघडण्यासारखं काही नसतं. त्यानंतर तीन महिन्यांतून एकदा, तेही 50 मिलीच्या वर नाही.

तळगाळ

चव घेताना पेलिकल (बिअरवर धरणारी साय) फुटलं तर काय, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहितो. काही होत नाही, पुन्हा धरतं. पेलिकल ही आत हवा पोचतेय याची खूण आहे, बिअर चांगली होतेय याची नाही. पेलिकल न धरताही उत्तम सावर होते.

गव्हाळ

अवांतर नाही, पण वर्टबद्दल कुणीच बोललं नाही. 40 टक्के कच्चा गहू साध्या एकपायरी मॅशमध्ये घालायचा तर तो आधी शिजवून घेतलेला बरा, स्टार्च जास्त चांगला सुटतो. बारीक दळलेला गहू पाण्यात 15-20 मिनिटं उकळायचा, मग माल्टच्या मॅशमध्ये मिसळायचा. मिसळताना आधी माल्टचं तापमान कमी ठेवा, म्हणजे एकत्र झाल्यावर 69-70 वर येईल.

पारंपरिक टर्बिड मॅशमध्ये पायरीपायरीने दुधाळ पाणी काढून वेगळं तापवतात, म्हणजे एन्झाइम मरतात आणि न मोडलेला स्टार्च वर्टमध्ये उतरतो. तीन वर्षं पेडिओ आणि ब्रेटला पुरेल असं खाणं त्यातून मिळतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण जो कार्बॉय तीन वर्षं थांबणार त्याच्यासाठी तो दिवस खर्च करावाच. वेळ नसेल तर 70 अंशांचा मॅश आणि 30 लिटरला 350 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन, काम भागतं.

हॉप्स जुने, अल्फा (कडवटपणा देणारं आम्ल) उतरलेले. 30 लिटरला 130 ते 150 ग्रॅम, उकळी सुरू झाल्यापासून. कडवटपणासाठी नाहीत, लॅक्टोला लगाम घालण्यासाठी आहेत. पहिल्याच महिन्यात लॅक्टोने सगळं आंबट केलं तर बाकीच्यांना फुलायला जागा राहत नाही.

बुचवाला

रिकाम्या झालेल्या कार्बॉयच्या तळाचा गाळ ठेवायचा की धुवायचा? साखळीत हा प्रश्न दरवर्षी येणार.

तळगाळ

सगळा ठेवू नका. तीन वर्षांचा गाळ म्हणजे बहुतांश मेलेलं सॅकरोमायसीस. ब्रेट थोडं खातो, पण थरावर थर साचले की रबर जळाल्यासारखा, मांसाच्या रश्शासारखा स्वाद येतो. 150-200 मिली गाळ निर्जंतुक बाटलीत काढा, कार्बॉय धुऊन घ्या, नवी बिअर भरा आणि तो गाळ परत सोडा. सोबत ताज्या ब्रेटचं एक पाकीट दर दोन-तीन वर्षांनी घालावं. साखळी लांबली की पेडिओ आणि आम्ल वाढत जातं, ब्रेटचं वैविध्य कमी होतं.

गाळ परत टाकण्यापूर्वी त्या कार्बॉयची चव घेतलीच पाहिजे. व्हिनेगर किंवा उंदराचा वास असेल तर तो गाळ पुढच्या वर्षाला द्यायचा नाही.

आंबटगोड

उंदराचा वास म्हणजे?

रसायनी

टेट्राहायड्रोपिरिडिन, टीएचपी. नाकाला येत नाही, कारण आम्लात ते उडत नाही. घोट गिळला, लाळेने तोंडातला पीएच वाढला की काही सेकंदांनी जिभेच्या मागे येतं. शिळ्या ब्रेडसारखं, पिंजऱ्यासारखं. ब्रेट आणि काही लॅक्टो ते बनवतात, आणि हवा लागली की जास्त. म्हणून बॉटलिंगनंतर दोन-चार आठवड्यांत अचानक उमटतं. बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप जातं, बाटल्या आडबाजूला ठेवून वाट बघायची. हे टाळण्यासाठी बाटल्या भरताना सायफनचं टोक तळाला टेकवा, भांड्यात आधी कार्बन डायऑक्साइड सोडा, आणि प्रायमिंगसोबत ताजं यीस्ट द्या. आत अडकलेला ऑक्सिजन ते पटकन संपवतं.

फेसाळ

तीन वर्षांनी ताजं यीस्ट द्यायचं म्हणजे वाईन यीस्ट, ईसी-1118 सारखं. 20 लिटरला 2 ग्रॅम पुरतं. कोमट पाण्यात फुलवा, मग दर दहा मिनिटांनी थोडी थोडी बिअर त्यात मिसळत एकास एक करा, मगच मोठ्या भांड्यात घाला. थेट 3.2 पीएचमध्ये टाकलं तर मरगळतं.

आंबटगोड

फळांचा कार्बॉय राहिला. त्याचं चक्र मुख्य साखळीशी कसं जुळवायचं?

गव्हाळ

जुळवायचं नाही, सहा महिन्यांनी मागे ठेवायचं. ब्लेंडचा महिना शून्य धरला, तर फळांसाठीची बिअर सहाव्या महिन्यात भरा. तारीख फळाच्या हंगामाने ठरते. फळ आलं की ते गोठवून ठेवा म्हणजे पेशी फुटतात, आणि बिअर वर्षाची झाली की त्यावर घाला.

एक खबरदारी: कार्बॉयमध्ये फळ ओतू नका. अरुंद गळ्यातून चेरीच्या बिया परत काढता येत नाहीत. 19 लिटरच्या स्टीलच्या केगमध्ये 3.5 किलो आंबट चेरी, बियांसकट, त्यावर कार्बॉयमधून 14 लिटर बिअर. लिटरमागे 250 ग्रॅम पडतं. आतल्या नळीच्या टोकाला जाळी बांधा. फळाची साखर मिळाली की फेस उसळतो, पहिला आठवडा जाड नळी पाण्याच्या भांड्यात सोडून ठेवा. दोन-तीन महिने पुरे. उरलेले चार-पाच लिटर साधेच बाटल्यांत भरा, फळाने काय बदललं ते शेजारी ठेवून कळतं.

आणि ज्या दिवशी फळावर बिअर गेली, त्याच दिवशी कार्बॉय पुन्हा भरायचा. मूळ नियम तोच.

बुचवाला

स्वच्छतेबद्दल दोन ओळी. काच आणि स्टील सामाईक चालेल, नीट धुऊन आणि सॅनिटायझर वापरून. नळ्या, बुच, बादली, बॉटलिंग वांड (बाटली भरायची नळी), नळाचे वॉशर सावरसाठी वेगळे, त्यांवर रंगीत पट्टी. प्लास्टिकच्या ओरखड्यात ब्रेट बसला की सॅनिटायझर तिथपर्यंत पोचत नाही. नळ्या दरवर्षी ब्लेंडच्या आधी नव्या घ्या, तेही वेळापत्रकात लिहा.

कार्बॉयकर

सगळ्यांचे आभार, खूप मुद्दे मिळाले. आता दुसरा प्रश्न अजून उभा आहे: ब्लेंडचं प्रायमिंग.

रसायनी

उदाहरणच घेऊ. तीन वर्षांची 18 लिटर, ग्रॅव्हिटी 1.002. दोन वर्षांची 4.5 लिटर, 1.004. एक वर्षाची 4.5 लिटर, 1.010. एकत्र केलं की (36 + 18 + 45) भागिले 27, म्हणजे 3.7 पॉइंट, 1.0037.

ढोबळ नियम: ग्रॅव्हिटी दोन पॉइंट उतरली की साधारण एक व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाइतका) वायू तयार होतो. ब्लेंड 1.001 वर थांबणार असेल तर 2.7 पॉइंट, 1.3 व्हॉल्यूम. जुन्या बिअरमध्ये विरघळलेला वायू साधारण 0.6 धरा. एकूण 1.9. हवेत 2.8, कमी पडतात 0.9. लिटरमागे 4 ग्रॅम साखर म्हणजे एक व्हॉल्यूम. म्हणजे 3.6 गुणिले 27, साधारण 97 ग्रॅम.

जुनं_पिंप

आणि ब्रेटने 1.000 पर्यंत नेलं तर?

रसायनी

तर 3.7 पॉइंट, 1.85 व्हॉल्यूम, अधिक 0.6, अधिक साखरेचे 0.9. एकूण 3.3 पेक्षा जास्त. साध्या बिअरच्या बाटलीच्या मर्यादेबाहेर. म्हणून हिशोब नेहमी वाईटात वाईट शक्यतेवर करायचा आणि बाटली शॅम्पेनची किंवा जाड बेल्जियन घ्यायची.

अंदाजावर राहायचं नसेल तर ब्लेंडच्या दीड महिना आधी चाचणी लावा. तिन्ही वयांची बिअर त्याच प्रमाणात मिसळून 200 मिली, त्यात ताजं ब्रेट आणि वाईन यीस्ट, 27-28 अंशांवर ठेवायचं. तीन आठवड्यांनंतर दर आठवड्याला ग्रॅव्हिटी बघा. दोनदा तीच आली की ब्लेंड कुठे थांबणार त्याचा जवळचा अंदाज मिळाला. ब्रेट बाटलीत अजून एखादा पॉइंट खाऊ शकतो, तेवढी मोकळीक ठेवा.

प्रमाण ठरवतानाही फक्त पीएच बघू नका. दोन बिअर पीएच 3.4 दाखवतात आणि एक दुसरीपेक्षा कितीतरी आंबट लागते. एकूण आम्लता मोजा: वायू काढलेली 10 मिली बिअर, 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, पीएच 8.2 येईपर्यंत. लागलेल्या दर मिलीमागे 0.9 ग्रॅम प्रति लिटर लॅक्टिक. 6 मिली लागले तर 5.4. मीटर आधी 4 आणि 7 च्या बफरवर लावून घ्या. हातमोजे आणि चष्मा हवाच.

मंदआच

आकडे हवेतच, पण शेवटी जीभच. 100 मिलीच्या चार-पाच ग्लासांत प्रमाणं बदलून बघा. तीन वर्षांची फार टोकदार असेल तर तिचे दोन-तीन लिटर बाजूला काढून वेगळे बाटल्यांत भरा. सगळं एकाच ब्लेंडमध्ये गेलंच पाहिजे असं नाही.

कार्बॉयकर

ठीक, सुधारित आराखडा असा:

ब्लेंडच्या सहा आठवडे आधी 200 मिलीची चाचणी आणि तिन्ही वयांची चव. तीन आठवडे आधी 30 लिटर ब्रूइंग, टर्बिड मॅश. शून्य महिन्यात एकाच दिवशी ब्लेंड, बॉटलिंग, 200 मिली गाळ राखणं, कार्बॉय आणि दोन डेमिजॉन भरणं. दुसऱ्या आणि नवव्या महिन्यात केटल सावर. सहाव्या महिन्यात वर्षाची बिअर केगमधल्या फळावर आणि त्याच दिवशी चौथा कार्बॉय पुन्हा भरणं, त्यासाठी तीन आठवडे आधी 20 लिटर ब्रूइंग. नवीन कार्बॉयची पहिली चव सहाव्या महिन्यात, मग तीन महिन्यांनी. दर एक तारखेला एअरलॉक.

पहिल्या वर्षी शून्य महिन्यात कार्बॉय आणि दोन्ही डेमिजॉन भरतील. दुसऱ्या वर्षी एक वर्षाचा डेमिजॉन रिकामा होईल, पण ब्लेंड करायला जोडीला काही नाही. त्याचं काय करावं?

गव्हाळ

पहिल्या वर्षीचा तो डेमिजॉन 1.25 किलो फळावर घाला, थोडा मोठा डेमिजॉन घेऊन. दोन वर्षं झाल्यावर संपणारे दोन, म्हणजे एक वर्षाचा आणि दोन वर्षांचा, एकमेकांत मिसळून नऊ लिटरचं लहान ब्लेंड करा. तीन वर्षं झाली की पूर्ण ब्लेंड. दोन्ही वेळा रिकामं झालेलं त्याच दिवशी भरून घ्या.

फेसाळ

आराखड्यात एकच बदल सुचवतो. ब्लेंड आणि भरणं एकाच दिवशी, पण आधी ब्लेंड बाटल्यांत घालून बुचं लावून मोकळे व्हा, मग नवी बिअर हलवा. दोन्ही एकदम करताना सायफन आणि नळ्या अदलाबदल होतात. बादलीतली बिअर दोन-तीन तास झाकणाखाली थांबू शकते, उघडी पडलेली ब्लेंड थांबू शकत नाही. आणि 27 लिटरला 750 मिलीच्या 36 बाटल्या लागतात, त्या आदल्या दिवशीच धुऊन ठेवा.

बुचवाला

36 नाही, 38 ठेवा. धुताना एखादीला तडा दिसला तर ऐन वेळी शोधाशोध नको. 29 मिमीचा क्राउन (पत्र्याचं झाकण) बसतो की 26 चा, तेही आधी तपासा. शॅम्पेनच्या बऱ्याच बाटल्यांना 29 लागतो आणि साध्या कॅपरची (झाकण बसवायच्या यंत्राची) बेल 26 ची असते.

कार्बॉयकर

29 ची बेल यादीत टाकली.